चाळीसच्या वेगाने निघालेली मिरवणूक

"काका, वाईट वाटून घेऊ नका, पण मीटर चालत नसेल तर तुम्हाला पुढे ठेवता येणार नाही. तुम्ही मागे या, टेम्पोच्या पुढे."

टेम्पो म्हणजे रॅलीत बंद पडलेल्या गाड्या उचलून आणायला सगळ्यात शेवटी ठेवतात तो. जुन्या मोटारसायकली पाळणाऱ्यांच्या मंडळाचा सेक्रेटरी विक्रम हे बोलला, आणि तेही शनिवार पेठेतल्या अमृततुल्यासमोर, दहा माणसांत. श्रीधरराव ढमढेऱ्यांनी हातातला कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला नाही, याची त्यांनी मनातल्या मनात नोंद केली.

दुसऱ्या कुणाला हे ऐकावं लागलं असतं तर एक वेळ चाललं असतं. श्रीधररावांनी उभी नोकरी वजनमाप खात्यात काढली होती. मंडईतल्या भाजीवालीपासून रविवार पेठेतल्या सोनारापर्यंत अर्ध्या शहराच्या तराजूंवर त्यांनी शिक्का मारला होता, आणि उरलेल्या अर्ध्यातले बरेच जप्त केले होते. "साहेब, हाताला अंदाज आहे हो," असं एखादा दुकानदार म्हणाला, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "अंदाज तुमच्याजवळ ठेवा, माप मला दाखवा." अशा माणसाला 'तुमचं माप चालत नाही, मागे व्हा' असं सांगणं म्हणजे आचाऱ्याला त्याच्याच पंगतीतून उपाशी उठवण्यासारखं होतं.

त्यातून दुखणं असं, की विक्रमचं बरोबर होतं. पोलिसांनी रॅलीला परवानगी देताना वेग चाळीसच्या वर जाणार नाही अशी अट घातली होती. पुढची गाडी जो वेग धरेल तोच बाकीच्यांनी धरायचा, त्यामुळे पुढच्याचा मीटर चोख हवा. आणि श्रीधररावांच्या मीटरचा काटा गाडी उभी असताना साठ दाखवी. चालायला लागली की विचारात पडल्यासारखा वीस ते सत्तरच्या मध्ये हेलकावे खाई. पुढे राहण्याचा मान मात्र त्यांचाच होता. ज्याने गाडी स्वतः बांधली आहे त्याने या वर्षी रॅली न्यायची असं मंडळाने ठरवलं होतं, आणि तशी गाडी मंडळात एकच होती.

सांगाडा एका गाडीचा, इंजिन दुसरीचं, पुढचे दांडे तिसरीचे. टाकी हडपसरच्या पत्रेवाल्यासमोर उभं राहून ठोकून घेतलेली, सीट नाना पेठेत शिवलेलं. कुठल्या कंपनीची, असं कुणी विचारलं तर श्रीधरराव "ढमढेरे" असं सांगत. शालूताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिला 'भेळ' म्हणत.

"डिजिटल मीटर लावा बाबा," ऋतुजा म्हणाली. ही त्यांची मुलगी. सिंहगड रस्त्याला राहायची, पण रविवारी माहेरी येऊन वडिलांच्या भानगडींत भाग घ्यायची. "वेग, पेट्रोल, इंजिनचं तापमान, घड्याळ, सगळं एकाच तबकडीत. जुन्या गाड्यांना लोक लावतात हल्ली."

"घड्याळ कशाला?" शालूताई आतून म्हणाल्या. "हे जेवायला बसले की एक वाजलेला असतो. गावाला माहीत आहे."

मीटर आला. काळा, गोल, तळहाताएवढा. तो गाडीवर बसवायला किती वेळ लागणार, असं श्रीधररावांना वाटलं. इथे त्यांनी आयुष्यात प्रथमच अंदाज केला, आणि तो चुकला.

नाना पेठेतल्या संभाजी मेकॅनिकने मीटर उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि म्हणाला, "होऊन जाईल काका. फक्त तुमची गाडी सहा व्होल्टची हाय, ह्याला बारा लागत्यात."

बारा व्होल्टसाठी बॅटरी बदलली. बॅटरी बदलली म्हणून ती चार्ज करणारं सगळं बदललं. ते बदललं म्हणून दिवे बदलले, कारण सहा व्होल्टचे दिवे बारा व्होल्टला आयुष्यात एकदाच उजेड देतात, आणि तो त्यांनी दिला. शेवटी हॉर्न बदलला. नवा हॉर्न मालट्रकच्या जातीचा होता. पहिल्यांदा वाजला तेव्हा समोरच्या रिक्षावाल्याने मागे न बघताच फुटपाथवर रिक्षा घेतली. एक मीटर बसवायचा म्हणून जी गाडी आणली, तिचं मीटर सोडून सगळं बदलून झालं.

मग मीटर लावला. उजवीकडे वळायचा दिवा लावला, की टाकीतलं पेट्रोल वाढे. ब्रेक दाबला, की गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असल्याचं मीटर सांगे. मग ती स्टँडवर का असेना.

"संभाजी, पेट्रोल वाढतंय."

"चांगलंच हाय की काका. कुणाचं वाढतंय आजकाल?"

शेवटी ऋतुजाने मीटरबरोबर आलेला नकाशा गॅरेजच्या फरशीवर पसरला आणि रंग बघून एकेक वायर लावायला लावली. संभाजी "मी तेच करणार व्हतो," असं प्रत्येक वायरीला म्हणाला.

याच सुमारास सल्ला आला. सोसायटीचे अध्यक्ष वैजनाथ हे मूळचे परभणीचे, दुसऱ्या मजल्यावर राहत. त्यांना गाडी चालवता येत नसे, त्यामुळे गाड्यांविषयी त्यांची मतं पक्की होती. "काका, मीटर बदलायलात ते ठीक आहे, पण सरकारदरबारी नोंद केली का? उद्या कुणी धरलं म्हंजे?"

सरकारदरबार म्हटल्यावर श्रीधररावांना राहवेना. ते वाहनांच्या कचेरीत गेले. तीन खिडक्या फिरून योग्य खिडकीपाशी पोचले.

"जुना मीटर चालत होता?" खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे गाडीला मीटर नव्हता."

"होता. चालत नव्हता."

"आजोबा, चालत नाही तो नसल्यासारखाच. मग बदललंत काय?"

श्रीधररावांनी मनाशी हिशेब केला. "तसं पाहिलं तर काहीच नाही."

"मग रांगेत का उभे होतात?"

खिडकीपलीकडच्या माणसाबद्दल श्रीधररावांना मनापासून आदर वाटला. नोकरीत ते स्वतः असेच बोलत. खिडकीच्या अलीकडे उभं राहिलं की ते इतकं झोंबतं, ही माहिती मात्र नवीन होती.

आता राहिलं होतं वेगाचं काम. याची रीत सोपी आहे. पुढच्या चाकावर एक छोटा चुंबक बसवायचा आणि शेजारी दांड्यावर एक डोळा. चाक एकदा फिरलं, की चुंबक डोळ्यासमोरून एकदा जातो, डोळ्याचा तांबडा दिवा लुकलुकतो आणि मीटर एक फेरा मोजतो. चाकाचा घेर किती हे आपण मीटरला सांगायचं. बाकी हिशेब तो करतो.

घेर एका तक्त्यात छापून आला होता. छापून आलेल्यावर विसंबायला श्रीधरराव काय वर्तमानपत्र वाचत होते? त्यांनी पोलादी टेप काढला आणि पार्किंगमध्ये खडूची रेघ मारली. चाक रेघेवर ठेवलं, एक फेरा ढकललं आणि दुसरी रेघ मारली. मग लक्षात आलं, की माणूस बसला की टायर दबतो आणि घेर कमी होतो. म्हणून स्वतः बसून एक माप, ऋतुजाला मागे बसवून दुसरं. शालूताईंनाही बोलावणं गेलं. "माझं वजन सगळ्या बिल्डिंगसमोर रेघेने दाखवायची गरज नाही," असं उत्तर आलं.

संध्याकाळपर्यंत पार्किंगभर रेघा झाल्या. वैजनाथांनी वरून पाहिलं आणि धावत खाली आले. "काका, पाहुण्यांच्या जागेत हद्दी आखायलात का?"

"चाकाचा घेर मोजतोय."

"चाक गोल असतंय काका. रेघा सरळ आहेत."

रात्रीतून सोसायटीच्या ग्रुपवर सूचना झळकली, की काही सभासद पार्किंगमध्ये परस्पर जागा आखून घेत असल्याचे निदर्शनास आले आहे. सकाळी लिफ्टशेजारी श्रीधररावांच्या सुवाच्य अक्षरात पाटी लागली: 'रेघ खडूची आहे, फडक्याने पुसता येते. संशय पुसण्याचे साधन येथे उपलब्ध नाही.' वैजनाथांनी तिचा फोटो परभणीच्या नातेवाइकांना पाठवला असं नंतर कळलं; रागाने की कौतुकाने, ते कळलं नाही.

घेर मिळाला. संभाजी चाकावर चुंबक चिकटवायला लागला आणि श्रीधरराव ओरडले, "थांब! एका बाजूला वजन लावलंस तर दुसऱ्या बाजूचं काय?"

"काका, एवढासा तर हाय. सुपारीएवढा."

"तराजूच्या एका पारड्याखाली सुपारीएवढी चिंच लावणारे मी गजाआड घातलेत. चाक समतोल हवं. समोरासमोर दोन लावायचे. सारख्या वजनाचे."

मीटरच्या खोक्यात एक जादा चुंबक होताच. पण तो सारख्या वजनाचा कशावरून? श्रीधरराव दोन्ही चुंबक घेऊन रविवार पेठेत ओळखीच्या सोनाराकडे गेले. "जरा वजन बघायचंय," असं दारातच म्हणाले. निवृत्त झाले तरी त्यांचा आवाज निवृत्त झाला नव्हता. सोनाराचा चेहरा उतरला. त्याने आधी पाणी मागवलं आणि मग आपणहून तराजूचे सगळे दाखले काउंटरवर मांडले.

"तुमचं नाही हो, माझं वजन बघायचंय."

चुंबक इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवताच तो खालच्या लोखंडाला चिकटू पाहू लागला आणि आकडे सैरावैरा पळू लागले. "साहेब, हे माझ्या काट्याचं नाही, तुमच्या चुंबकाचं आहे!" सोनार रडवेला होऊन म्हणाला. शेवटी देव्हाऱ्यातून त्याच्या आजोबांचा पितळी तराजू निघाला. एका पारड्यात एक चुंबक, दुसऱ्यात दुसरा. काटा मधोमध उभा राहिला. श्रीधररावांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते पाहून सोनाराने चहाही मागवला.

दोन्ही चुंबक बरोब्बर समोरासमोर बसले. गाडी सुरू झाली. तांबडा दिवा लुकलुकला आणि मीटरवर वेगाचे आकडे उमटले. स्थिर, ठाम, न थरथरणारे. श्रीधरराव ऋतुजाला मागे बसवून स्वारगेटपर्यंत जाऊन आले. पुण्याच्या गर्दीत सगळेच रांगतात, त्यामुळे कुणी कुणाच्या पुढे जाण्याचा प्रश्न नव्हता.

"बाबा, चाळीस म्हणजे जरा हळू वाटतंय."

"वाटणं हे एकक नाही," श्रीधरराव म्हणाले.

खरं सांगायचं तर त्यांनाही वाटत होतं. इंजिनचा आवाज, तोंडावरचा वारा, सगळं सांगत होतं की हा चाळीसचा वेग नव्हे. पण हाताचा अंदाज बाजूला ठेवून मापावर विश्वास ठेवा, हे ज्याने जन्मभर दुसऱ्यांना बजावलं, त्याने स्वतःच्या कानांचं ऐकायचं?

रॅलीच्या रविवारी शनिवारवाड्यासमोर पंचवीस-तीस जुन्या गाड्या जमल्या. विक्रमने नवा मीटर पाहिला, मोबाईलमध्ये फोटो काढला आणि म्हणाला, "काका, आता तुम्हीच पुढे." श्रीधरराव पुढे उभे राहिले, ऋतुजा मागे बसली. त्यांच्या पाठोपाठ पोपटशेठ होते, मंडईतले कांदे-बटाट्याचे व्यापारी. फार वर्षांपूर्वी भर मंडईत श्रीधररावांनी त्यांचा तराजू जप्त केला होता. दोघं एकाच मंडळात असूनही त्यावर कधी बोलले नव्हते. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी संभाजी बसला होता.

रॅली निघाली. मीटरवर चाळीस. बाजीराव रस्त्यावर एक दूधवाला सायकलवरून पुढे गेला. श्रीधररावांना वाटलं, दूधवाले पहाटेपासून घाईत असतात. स्वारगेटच्या पुढे सातारा रस्ता मोकळा लागला. मीटर चाळीसवरून हलला नाही. घागरीएवढं पोट असलेले तीन गृहस्थ सायकलींवरून मागून आले, बरोबरीने चालले, आणि एक जण म्हणाला, "काका, शतपावली का?"

"बेजबाबदार," श्रीधरराव पुटपुटले. "पन्नासने चाललेत."

मागे गाड्या तापू लागल्या होत्या. कुणाचा क्लच जळल्याचा वास आला, कुणाची गाडी दोनदा खोकून बंद पडली. विक्रम शेजारी येऊन ओरडला, "काका, वेग वाढवा!" श्रीधररावांनी मीटरकडे बोट दाखवलं. अट म्हणजे अट.

शेवटी एका ट्रॅफिक हवालदाराने हात करून सगळ्यांना बाजूला घेतलं. "परवानगी?"

विक्रमने कागद दिला. हवालदाराने तो वाचला, रांगेकडे पाहिलं, पुन्हा वाचला. "ही रॅलीची आहे. तुम्ही मिरवणूक काढलीय. मिरवणुकीची परवानगी वेगळी असते."

"साहेब, आम्ही चाळीसने चाललोय," श्रीधरराव म्हणाले.

"आजोबा, मी चालत तुमच्या बरोबर आलो असतो."

विक्रमने मोबाईल पुढे केला. त्यात सगळ्या रस्त्याचा वेग वीस दिसत होता. मग बोलायला कुणाची परवानगी लागली नाही.

"चायनाचा माल, दुसरं काय!"

"मी तर पयल्यापासून म्हणत व्हतो, जुना काटाच बरा," टेम्पोतून उतरत संभाजी म्हणाला.

"काका, कंपनीला असा मेल लिहू ना!" विक्रम म्हणाला.

सगळ्यांनी मिळून श्रीधररावांची सुटका केली होती. त्यांनी फक्त मान डोलवायची होती. पण ते खाली वाकले. खिशातून खडू काढून टायरवर खूण केली आणि ऋतुजाला म्हणाले, "तू डोळ्याच्या दिव्याकडे बघ. मी ढकलतो."

गाडी एक फेरा पुढे गेली.

"किती वेळा लुकलुकला?"

ऋतुजाने दिव्यावरून नजर काढून चाकावरच्या चुंबकांकडे पाहिलं. तिला कळलं होतं. आणि तिने सांगण्याआधी त्यांनाही कळलं.

"दोनदा, बाबा."

चाक एकदा फिरलं होतं आणि मीटरने दोन फेरे धरले होते. चाकाचा तोल साधला होता, वजन साधलं होतं, घेर मिलिमीटरपर्यंत साधला होता. दोन चुंबक म्हणजे दोनदा मोजणार, हे तेवढं राहिलं होतं.

श्रीधरराव उभे राहिले. त्यांनी शर्टची बाही नीट केली. "मीटर बरोबर आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "कंपनीही बरोबर आहे. संभाजी एकच चुंबक लावत होता, तोही बरोबर होता. दुसरा मी लावला. चूक माझी आहे."

संभाजीला आपण बरोबर होतो हे नवीनच कळलं. तो दचकून इकडेतिकडे पाहू लागला.

श्रीधररावांनी त्याच्याकडून पेचकस घेतला आणि दुसरा चुंबक काढून खिशात टाकला. चाक आता एका बाजूला सुपारीभर जड झालं. त्यांना ते सोसवत नव्हतं, पण सोसलं. मग त्यांनी गाडी वळवली आणि टेम्पोच्या दिशेने ढकलायला सुरुवात केली.

पोपटशेठनी आपली गाडी आडवी घातली. "कुठं निघालात साहेब?"

"मागे. ज्याचं माप खोटं निघालं, त्याने पुढे उभं राहू नये."

"खोटं व्हतं. दुरुस्त केलंत की." पोपटशेठ गाडीवरून उतरले. "माझा तराजू नेला व्हता तुम्ही. आठवतं? मी दुरुस्त करून घेतला, तुम्ही शिक्का मारलात. दुसऱ्या दिवशी गाळा उघडला, तर गिऱ्हाईक फिरकंना. समदे लांबून बघत व्हते. तेव्हा तुम्ही पिशवी घेऊन आलात आन् भर मंडईत माझ्या तराजूवर पाच किलो कांदे तोलून घेतलेत. बोलला काहीच नाहीत. कांदे घेतलेत आन् गेलात."

श्रीधररावांना ते आठवत नव्हतं. ऋतुजाने तर ते प्रथमच ऐकलं. ती वडिलांकडे बघत राहिली.

"शिक्का मारल्यावर तराजू घरात ठेवायचा नसतो साहेब. गाळ्यावर ठेवायचा असतो," पोपटशेठ म्हणाले आणि त्यांनी मीटरवर पंजा थापला. "हा घ्या शिक्का. चला पुढं."

श्रीधररावांनी त्यांचा हात मीटरवरून बाजूला केला. "न तपासता शिक्का मारता? पोपटशेठ, हा गुन्हा आहे. आधी तपासा."

मग सातारा रस्त्याच्या कडेला, वर चढलेल्या उन्हात, पंचवीस-तीस माणसं आणि एक हवालदार शांतपणे उभे राहिले. मंडईतल्या कांदे-बटाट्याच्या व्यापाऱ्याने धोतर सावरून उकिडवं बसत वजनमाप खात्याच्या निवृत्त निरीक्षकाची गाडी तपासली. खडूची खूण खाली आणली, ऋतुजाला ढकलायला लावलं, नाक दिव्याजवळ नेलं. फेरा पूर्ण झाला.

"एक," पोपटशेठ म्हणाले. "पुन्यांदा." पुन्हा एक. तिसऱ्यांदा श्रीधररावांनीच सांगितलं, की तीनदा तपासल्याशिवाय पास करायचं नसतं. तिसऱ्यांदाही एक.

"पास!"

"झालं असेल तर निघा आता," हवालदार म्हणाला. "आणि आजोबा, तुम्ही पुढं राहा. निदान चूक कुठं झाली ते तुम्हाला सांगता येतं."

श्रीधररावांनी किक मारली. गाडी सुटली आणि तोंडावर वारा आला, या वेळी खराखुरा. मीटरवर पस्तीस, अडतीस, चाळीस. आणि आकडा तिथे असा थांबला की जणू कुणी खिळा ठोकला. पुढचं चाक एका बाजूला जड असल्याचं फक्त त्यांनाच जाणवत होतं. त्यांनी आरशात पाहिलं. मागे सगळ्या गाड्या एकमेकींपासून सारख्या अंतरावर, एका ओळीत येत होत्या. एकही पुढे घुसत नव्हती, एकही रेंगाळत नव्हती. मघाचे तीन सायकलवाले कात्रजच्या अलीकडे गाठले गेले. श्रीधररावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. हॉर्न मात्र एकदाच वाजवला, आणि तिघेही सायकलींवरून उतरून उभे राहिले.

घाटाखालच्या हॉटेलात सगळे थांबले. श्रीधरराव हेल्मेट काखेत घेऊन पोपटशेठसमोर उभे राहिले. "शेठ, माप खोटं सापडलं की नुसता शिक्का मारून भागत नाही. दंड असतो."

पोपटशेठनी दाढी खाजवली, आजूबाजूच्या भुकेल्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि निकाल दिला, "समद्यांना मिसळ."

जन्मभर दुसऱ्यांना दंड केलेल्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा दंड भरला. रस्सा वाढताना, पाव पुढे करताना, विक्रमच्या ताटलीत आग्रहाने जादा शेव घालताना श्रीधरराव इतके ताठ चालत होते, की हॉटेलवाल्याला वाटलं यांच्याकडे काहीतरी कार्य आहे. त्याने ऋतुजाला तसं विचारलंही. "हो," ती म्हणाली, "माझे वडील आहेत ते."

सगळ्यांचं खाऊन झाल्यावर श्रीधररावांनी हात धुतले, रुमालाला पुसले, आणि पोपटशेठपुढे तळहात पसरला.

"पावती?"